झुला सुटतो तेव्हा : सर्कस आणि प्रणयकथा

प्रस्तावना

तंबूतला बँड एकाएकी थांबतो आणि नुसता ढोल घुमत राहतो. हा क्षण ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या पुस्तकाचा विषय निम्मा कळलेलाच आहे. वर मचाणाच्या टोकाशी एक मुलगी तळहातांना पांढरी भुकटी चोळते. समोरच्या झुल्याच्या दांडीला गुडघे अडकवून एक जण उलटा लोंबकळतो आणि झोके घेत लय धरतो. मुलगी झेपावते, झोक्याच्या टोकाला पोचते आणि दांडी सोडून देते. आता तिच्या हाताशी काहीच नसतं. पुढच्या क्षणी दोघांची मनगटं एकमेकांच्या मुठीत असतात. बोटांत बोटं गुंफून इथे भागत नाही. घामाने बोटं निसटतात. उडणाऱ्याने पकडायला धडपडायचं नाही, हात पसरून ठेवायचे. धरायचं काम झेलणाऱ्याचं, अशी या खेळाची शिस्त आहे.

प्रेमात पडण्याचं याहून नेमकं चित्र मला ठाऊक नाही. कथाकार पुन्हा पुन्हा सर्कशीच्या तंबूत का शिरतात, याचं उत्तरही मला याच पकडीत सापडतं.

सर्कशीची ओढ देहाची आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. नाटकातला नट देहाने दुसऱ्या कुणाचं तरी सोंग आणतो. रिंगणात मात्र देह स्वतःच कथा असतो. त्याचा श्वास खरा, घाम खरा, मांडीच्या स्नायूची थरथर खरी. 12 नोव्हेंबर 1859 रोजी पॅरिसच्या सिर्क नापोलेआँमध्ये ज्यूल लेओतार या तरुणाने एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेतली, तेव्हा अंगाला चिकटून बसणाऱ्या पोशाखात त्याचा प्रत्येक स्नायू दिसत होता. त्या पोशाखाला आजही त्याचंच नाव आहे. परपुरुषाच्या देहाकडे टक लावून पाहणं ज्या समाजात बाईला शोभत नव्हतं, तिथे तिकीट काढून तंबूत बसल्यावर तीच नजर सभ्य ठरली. वीस वर्षांनी, 1879 मध्ये, एदगार देगाने सर्कशीच्या घुमटाखाली दातांत दोर धरून लटकलेली मिस ला ला रंगवली. त्या चित्रापुढे उभं राहिलं की आपली मान आपोआप वर जाते. पाहण्याची ही मुभा प्रणयकथेने सर्कशीकडून घेतली.

पण नुसतं पाहणं पुरेसं असतं, तर कथा पहिल्याच प्रकरणात संपली असती. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने शृंगाराच्या विरोधी रसांत भयानकाची गणना केली आहे. तंबूत मात्र हे दोन्ही रस एकाच दोरावर चालताना दिसतात. इथली भीती प्रियजनासाठी वाटणारी आहे, म्हणून ती शृंगाराला मारत नाही, धार लावते. खाली उभा असलेला प्रियकर वर पाहत श्वास रोखतो, तिथेच त्याला आपलं मन उमगतं. कबुलीचे संवाद मग लेखकाला लिहावे लागत नाहीत.

विरहही सर्कशीत आयता येतो. तंबू पडतो, गाव फुलतं आणि एका पहाटे मैदानावर खुंट्यांची भोकं नि लाकडाचा भुसा तेवढा उरतो. ‘मेरा नाम जोकर’ (1970) पाहिलेल्या वाचकाला त्यातल्या मरीना या कसरतपटूचं रशियाला परतणं वेगळं समजावून सांगायला नको.

या वाटेने अनेक जण गेले आहेत. डॅनिश लेखक हेरमान बांग यांनी 1890 मध्ये झुल्यावरच्या चार कलावंतांची कथा लिहिली; मत्सराने विश्वास पोखरला की झुला कसा जीवघेणा होतो, हे ती दाखवते. अँजेला कार्टर यांच्या ‘नाइट्स ॲट द सर्कस’ (1984) मधल्या नायिकेला पंख आहेत आणि तिचं गूढ उकलायला आलेला पत्रकार विदूषक होऊन तिच्यामागे सर्कशीत दाखल होतो. सारा ग्रुएन यांच्या ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ (2006) मध्ये मंदीच्या काळातली आगगाडीने फिरणारी सर्कस आहे आणि फक्त पोलिश भाषेतले हुकूम समजणारी हत्तीण आहे. एरिन मॉर्गेनस्टर्न यांच्या ‘द नाइट सर्कस’ (2011) मधले प्रेमिक एकमेकांसाठी तंबू उभारतात. त्यांची प्रेमपत्रं तीच. या चारही कथा मुळात एकच प्रश्न विचारतात : मी हात सोडला, तर तू धरशील ना?

वास्तव याचं उत्तर नेहमी गोड देत नाही, आणि अभ्यासकाने ते टाळू नये. लिलियन लाइत्झेल आणि आल्फ्रेदो कोदोना हे सर्कशीच्या जगातलं गाजलेलं जोडपं. 1931 च्या फेब्रुवारीत कोपनहेगनमध्ये ती लटकत होती त्या कडीचा धातूचा जोड तुटला आणि दोन दिवसांनी ती गेली. हवेत अचूक झेप घेणाऱ्या याच कोदोनाने 1937 मध्ये आपल्या पुढच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःलाही संपवलं. तंबूतला विश्वास घरात आपोआप येत नाही. जी प्रणयकथा हे विसरते, ती खोटी वाटते. टाळू नये अशी आणखी एक बाजू आहे : सर्कशीत मुलांना राबवण्याविरुद्ध आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आदेश दिले. झगमगाटाखाली कुणाचं बालपण गेलं, हा प्रश्नही या अभ्यासाचाच भाग आहे.

मराठी वाचकाला तर हा तंबू घरचाच. घोड्यांचे उस्ताद विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून केरळातल्या तलश्शेरीच्या कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कसरतपटू घडवले. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे अमेरिकेतल्या बड्या सर्कशीत वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यात उभे राहिले. एवढं संचित असलेल्या भाषेत सर्कशीतली प्रेमकथा अजून पुष्कळ लिहायची आहे.

म्हणून, वाचकहो, पुढच्या पानांत शिरताना रसशास्त्र जाणणाऱ्याने थोडा भुसा पायाला लागू द्यावा आणि फक्त गोष्टीसाठी आलेल्याने संज्ञांना बिचकू नये. दोघांनाही पुढच्या रांगेतली जागा राखून ठेवली आहे. एकच विनंती : झुला सुटेल तेव्हा त्या दोन मनगटांकडे नीट पाहा. या विषयात मला जे काही सांगायचं आहे, ते तिथेच आहे.