बोगनवेल आणि नाताळचे झाड

अमरावती-अकोल्याकडे कुंपणावर बोगनवेल आणि ओसरीतल्या कुंडीत ‘ख्रिसमस ट्री’ ही जोडी पुष्कळदा दृष्टीस पडते. दोन्ही परदेशी. दोहोंचा युरोपीयांशी परिचय झाला तो अवघ्या सात वर्षांच्या अंतराने, आणि तोही समुद्रपर्यटनांतून.

बोगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. १७६७ साली त्याची जहाजे ब्राझीलमधील रिओ द जानेरोला थांबली असता ताफ्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों याच्या संग्रहात ही वेल आली. त्याने तिला आपल्या नायकाचे नाव दिले. मराठीने त्यातील ‘व्हिल’ची ‘वेल’ केली, ती इतकी बेमालूम की हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

कुंडीतले झाड नॉरफोक बेटावरचे. कॅप्टन कुकने १७७४ च्या ऑक्टोबरात ते पाहिले, तेव्हा त्याच्या मनात आल्या त्या जहाजाच्या डोलकाठ्या. पुढे लाकूड त्या कामी टिकेना. सागरी हवेत वाढणारे हे झाड वऱ्हाडच्या वैशाखात सावलीत जपावे लागते. बोगनवेल मात्र त्याच उन्हात, पाण्यावाचून, भरभरून फुलते.

फुलते असे आपण म्हणतो खरे. पण ते रंगीत भाग म्हणजे फुले नव्हेत, छदे आहेत. खरे फूल आत, इवलेसे व पांढरट. सूचिपर्णी वृक्षाला तर फूलच नसते. त्याचे बी शंकूत उघडे वाढते. नाताळात ज्याची फांदी अनेक घरी सजवली जाते तो सुरू दिसतो सूचिपर्णी, परंतु आहे सपुष्प! सणाला अर्थातच त्याने काही उणे पडत नाही.

बोगनवेलीच्या इतिहासात मात्र खरोखरच एक उणीव राहून गेली. कोमेर्सोंचा पाय दुखावलेला असे. त्याच्यासाठी ओझी वाहून रानोमाळ वनस्पती गोळा करणारा मदतनीस वस्तुतः पुरुषवेषातील स्त्री होती : जान बारे. फ्रेंच आरमारी जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता. ही वेल प्रत्यक्षात तिनेच खुडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. ज्याने वेल खुडली नाही त्या नायकाचे नाव मात्र आपल्या कुंपणाकुंपणावर चढले. बारेच्या नावाची वनस्पती शास्त्रात आली ती २०१२ मध्ये : दक्षिण अमेरिकेतील एक रानवेल, आपल्या वांग्याच्या कुळातली.