पतीचे दार, पत्नीचे दार

४ ऑक्टोबर १९७९. पोर्तुगीज पारपत्र बाळगणारा एक तरुण पाहुणा म्हणून ब्रिटनमध्ये दाखल झाला. त्याचा जन्म १९५१ चा, दमणमधला. म्हणजे गोव्याप्रमाणेच दमणवरही पोर्तुगालचा झेंडा फडकत होता त्या काळातला. वर्षभरापूर्वीच तो पोर्तुगालला स्थायिक झाला होता. ब्रिटनमध्ये पाऊल ठेवल्यापासून दोन महिन्यांच्या आत, ८ डिसेंबरला, त्याने तिथल्याच एका स्त्रीशी विवाह केला. ती मूळची मलावीची आणि ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची परवानगी मिळालेली. नवऱ्याला आपल्याजवळ राहू द्यावे, असा अर्ज झाला आणि १ जुलै १९८० रोजी तो फेटाळला गेला.

विवाह खोटा आहे, असे कुणी म्हटले नव्हते. नकाराचे कारण वेगळेच होते. पत्नी ब्रिटिश नागरिक नव्हती, आणि तिचा किंवा तिच्या आईवडिलांपैकी कुणाचाही जन्म ब्रिटनमध्ये झालेला नव्हता.

हेच जोडपे उलटे असते तर? नवरा ब्रिटनमध्ये स्थायिक आणि बायको पाहुणी म्हणून आलेली, तर तिला राहता आले असते. त्याच्या जन्मस्थळाची चौकशी कुणी केली नसती. ब्रिटनच्या स्थलांतर-नियमांना त्या काळी दोन दारे होती, एक पत्नीसाठी आणि एक पतीसाठी. हा धागा त्या दोन दारांचा.

प्रथम ही दारे कशी उभी राहिली ते पाहू. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या मुक्त प्रवेशावर पहिल्यांदा बंधने आली. कामासाठी येणाऱ्यांची वाट अरुंद झाली, तरी कुटुंबाची वाट बरीचशी मोकळी राहिली. मग सरकारची नजर कुटुंबाकडे वळली. ३० जानेवारी १९६९ रोजी गृहमंत्री जेम्स कॅलाहन यांनी राष्ट्रकुलातील पती आणि वाग्दत्त वर यांचा प्रवेश जवळजवळ बंद केला. १९७४ च्या जूनमध्ये रॉय जेंकिन्स यांनी ती बंदी उठवली. १९७७ मध्ये 'सोयीच्या लग्नां'विरुद्ध नवे कलम आले. १९७९ च्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाने १९७४ ची ही सवलत काढून घेण्याचे वचन थेट जाहीरनाम्यात दिले. पक्ष सत्तेवर आला, नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रस्तावित नियमांची श्वेतपत्रिका निघाली आणि १ मार्च १९८० पासून ते नियम लागू झाले. दमणच्या तरुणाचे लग्न नेमके या दोन तारखांच्या मधले.

दार कधी उघडे, कधी बंद. पण उघडझाप चालली होती ती केवळ पुरुषांच्या दाराची. त्यामागचा तर्क सरळ होता. पुरुष येतो तो नोकरी मागायला, स्त्री येते ती घर सांभाळायला. पुरुष जिथे असेल तिथे कुटुंबाचे बिऱ्हाड, म्हणून परदेशी पत्नीने ब्रिटनमधील पतीकडे येणे स्वाभाविक. आणि ब्रिटनमधील स्त्रीने परदेशी पतीकडे निघून जाणे त्याहून स्वाभाविक. मुलीने सासरी जावे, हा दंडक केवळ आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचाच होता असे मानण्याचे कारण नाही. लंडनच्या गृहखात्याने तो नियमपुस्तिकेत छापून ठेवला होता.

पत्नीचे दार उघडे होते म्हणजे स्त्रियांचे स्वागत होते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. २४ जानेवारी १९७९ रोजी भारतातून एक पस्तीस वर्षांची शिक्षिका हीथ्रो विमानतळावर उतरली. ब्रिटनमधील आपल्या नियोजित वराशी ती विवाह करणार होती. नियम असा होता की वाग्दत्ता म्हणून येणाऱ्या स्त्रीला आगाऊ प्रवेशपत्र लागत नसे. तीन महिन्यांत विवाह करायचा या बोलीवर तिला आत घेतले जाई. आधीच विवाह झालेल्या पत्नीला मात्र मायदेशातील ब्रिटिश कचेरीतून प्रवेशपत्र घेऊन यावे लागे, आणि त्यासाठी भारतीय उपखंडात दीर्घकाळ रांगेत तिष्ठावे लागे. अधिकाऱ्याला संशय आला, की ही पत्नीच असून रांग चुकवण्यासाठी वाग्दत्ता म्हणवते आहे. तो संशय फेडण्यासाठी एका पुरुष डॉक्टरकरवी तिची 'कौमार्य-तपासणी' करण्यात आली.

१ फेब्रुवारीला 'द गार्डियन'ने ही बातमी छापली आणि देशभर खळबळ उडाली. आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांनी हीथ्रोवरच निदर्शने केली. सरकारने ही तपासणी तत्काळ थांबवली आणि असे प्रकार फारच विरळ असल्याचे भासवले. गृहखात्याच्या आणि परराष्ट्र खात्याच्या जुन्या फायली पुढे संशोधकांच्या हाती लागल्या, तेव्हा २०११ साली कळले की अशा किमान ८० स्त्रियांची तपासणी झाली होती, आणि त्यांतील बहुतेकींची विमानतळावर नव्हे, तर उपखंडातील ब्रिटिश कचेऱ्यांत. विवाहाच्या आधी आलेली आणि विवाहानंतर आलेली यांना वेगळी कागदपत्रे, हा एवढासा कारकुनी भेद. आणि त्याची किंमत एका स्त्रीने आपल्या देहाच्या विटंबनेने मोजली.

आता पुन्हा दमणच्या त्या तरुणाकडे. अर्ज फेटाळला गेल्यावर त्याच्या पत्नीने, श्रीमती अब्दुलअझीझ यांनी, युरोपीय मानवाधिकार यंत्रणेकडे धाव घेतली. त्यांच्याबरोबर आणखी दोन स्त्रिया होत्या. एक फिलिपिन्सहून १९६७ साली रुग्णालयात काम करण्यासाठी आलेली कबालेस; तिचा पती मायदेशीच अडकला होता. दुसरी इजिप्तमध्ये जन्मलेली बालकंदाली. तिचा तुर्की पती आधी पाहुणा आणि नंतर विद्यार्थी म्हणून ब्रिटनमध्ये होता, आणि विवाहापूर्वीच त्याची मुदत संपली होती. तीन स्त्रिया, तीन देश, एकच तक्रार: आमच्या जागी पुरुष असता तर त्याचे कुटुंब एकत्र राहिले असते.

२८ मे १९८५ रोजी स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने निकाल दिला. पाठ्यपुस्तकांत हा खटला 'स्त्रियांचा विजय' म्हणून येतो, आणि ते खरेही आहे. पण निकाल मुळातून वाचला तर त्याची दुसरी बाजू दिसते.

न्यायालयाने आधी विचार केला तो कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा. तिथे तिघीही हरल्या. कोणत्या देशात संसार थाटावा ही जोडप्याची निवड मान्य करण्यास राज्य बांधलेले नाही, असे न्यायालय म्हणाले. पतीची परवानगी तात्पुरती आहे किंवा मुदतच संपलेली आहे, हे या स्त्रियांना विवाहाच्या वेळी ठाऊक होते. संसार दुसऱ्या देशात थाटणे अशक्य असल्याचेही त्यांनी दाखवलेले नाही. विवाहाने तात्पुरत्या व्हिसाचे कायम वास्तव्य आपोआप होत नाही, हे तत्त्व इथे ठामपणे मांडले गेले. पुढे युरोपभरच्या सरकारी वकिलांनी ते वारंवार उगाळले.

वंशाच्या आधारे भेदभाव झाल्याचा आरोपही न्यायालयाने मानला नाही. हे नियम कोणत्या समाजांच्या धास्तीने लिहिले गेले, हे ब्रिटनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होते. पण कागदावर वंशाचा उल्लेख नव्हता.

तिघी जिंकल्या त्या लिंगभेदाच्या मुद्द्यावर. बेकारीच्या काळात देशातील रोजगार वाचवण्यासाठी पुरुषांना रोखणे भाग आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. स्त्रियांपेक्षा पुरुष कामधंद्यात अधिक असतात, याची आकडेवारीही सादर झाली होती. न्यायालय म्हणाले की स्त्रियाही नोकरी करतात, आणि एवढ्याशा फरकावरून पतीला आणि पत्नीला निरनिराळे नियम लावणे समर्थनीय ठरत नाही. ब्रिटन दोषी ठरले.

आता प्रश्न होता दुरुस्तीचा. दोन असमान दारे समान करण्याचे दोन मार्ग असतात. अरुंद दार रुंद करता येते, किंवा रुंद दार अरुंद. ब्रिटनने दुसरा मार्ग निवडला. ऑगस्ट १९८५ मध्ये नवे नियम लागू झाले आणि पतींना लावल्या जाणाऱ्या कसोट्या पत्नींनाही लागू झाल्या. निवासाची सोय दाखवा, सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही हे दाखवा, आणि विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनप्रवेश हा नव्हता हे सिद्ध करा. समानता आली, पण जे पुरुषांना नाकारले जात होते ते आता स्त्रियांनाही नाकारता येऊ लागले. १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांच्या बायकामुलांना १९७१ च्या कायद्याने संरक्षण दिले होते. १९८८ च्या कायद्याने तेही काढून घेतले.

यातील 'मुख्य हेतू'ची कसोटी विलक्षण होती. १९८३ पासून सिद्धतेचा भार अर्जदारावर टाकलेला होता. म्हणजे लग्न खरे आहे, दोघांना एकत्र राहायचे आहे, हे अधिकाऱ्याला पटले तरी पुरे नव्हते. मनात काय नव्हते, ते सिद्ध करायचे होते. नसलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून? ठरवून केलेल्या विवाहांचे तर विचारूच नका. स्थळ पाहणे, पत्रिका जुळवणे, वडीलधाऱ्यांची बोलणी, मुलाची नोकरी आणि मुलीचे घराणे तोलणे, हे सारे आपल्याकडे विवाहाचे नित्याचे अंग. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात हिशेब दिसे.

त्यातही एक चमत्कारिक युक्तिवाद वारंवार पुढे येई. तुमच्या समाजात मुलगी सासरी जाते. मग हा मुलगा रीत मोडून बायकोच्या देशी का निघाला? अर्थात ब्रिटनसाठीच! घरजावयाला आपल्याकडे टोमणे ऐकावे लागतात, हे खरे. पण त्या टोमण्याचा साम्राज्याच्या वारसदारांनी व्हिसा नाकारण्यासाठी आधार घ्यावा, हा इतिहासाचा विनोदच. मुलगी ब्रिटनमध्येच जन्मलेली, तिथेच शिकलेली, तिथेच नोकरीला असली, तरी तिने भारतात किंवा पाकिस्तानात जाऊन संसार का करू नये, हा प्रश्न उभा राहीच. १९८६ च्या अरुण कुमार खटल्यात अपील न्यायालयाने थोडा दिलासा दिला. विवाहानंतरची दोघांची ओढ, पत्रव्यवहार, भेटीगाठी यांवरून विवाहाच्या वेळचा हेतू ताडता येतो, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हापासून जोडपी पत्रे, टेलिफोनची बिले आणि विमानाची तिकिटे जपून ठेवू लागली. एकमेकांना लिहिलेली खासगी पत्रे अनोळखी अधिकाऱ्याच्या टेबलावर मांडणे, हाच प्रेमाचा दाखला झाला. ही कसोटी मजूर पक्षाचे सरकार आल्यावर जून १९९७ मध्ये रद्द झाली.

दरम्यान एक आडवाट सापडली होती. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाने १९८२ साली ब्रॅडफर्डमध्ये एका ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला. दोघांनी काही वर्षे जर्मनीत नोकरी केली आणि १९८५ अखेरीस व्यवसायासाठी ब्रिटनला परतली. पुढे त्यांचे बिनसले, घटस्फोटाची कारवाई सुरू झाली आणि गृहखात्याने त्याचा परवाना आखडता घेतला. खटला युरोपीय समुदायाच्या न्यायालयात पोहोचला. ७ जुलै १९९२ चा निकाल असा: दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला युरोपीय कायद्याचे संरक्षण आहे, आणि म्हणून तिच्या पतीलाही ते आहे. गंमत पाहा, ब्रिटनमध्ये राहिलेल्या ब्रिटिश नागरिकापेक्षा आयर्लंडमध्ये काही काळ काम करून आलेल्या ब्रिटिश नागरिकाला जोडीदार आणणे सोपे झाले. अनेक जोडप्यांनी खरोखरच आयर्लंडला बिऱ्हाड हलवले. 'सुरिंदर सिंग मार्ग' हे नाव वकिलांच्या रोजच्या बोलण्यात रुळले. ब्रेक्झिटनंतर नव्या जोडप्यांसाठी ही वाट बंद झाली.

तात्पुरत्या व्हिसावरील माणसाच्या विवाहावर सर्वांत थेट घाव घातला तो मात्र मजूर पक्षाच्याच सरकारने. १ फेब्रुवारी २००५ पासून परदेशी व्यक्तीला ब्रिटनमध्ये विवाह करण्यासाठी गृहखात्याची लेखी संमती लागू लागली. शुल्क आधी १३५ पौंड, पुढे २९५. एकूण परवाना सहा महिन्यांहून मोठा नसेल किंवा तीन महिन्यांहून कमी मुदत उरली असेल, तर सहसा नकार. नाते किती खरे, याची विचारणाच नाही. आणि एक अपवाद: चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने विवाह केल्यास संमतीची गरज नाही. म्हणजे हिंदू, मुस्लिम, शीख, ज्यू, इतकेच काय कॅथलिकांनीही शुल्क भरून वाट पाहायची. अँग्लिकन वेदीपुढे मात्र सारे हेतू शुद्ध! ३० जुलै २००८ रोजी लॉर्ड्सच्या न्यायपीठाने बयाई खटल्यात ही योजना विवाहाच्या मूलभूत हक्काचा भंग करणारी ठरवली. ती औपचारिकपणे गुंडाळली गेली मे २०११ मध्ये.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१२ मध्ये, नवी कसोटी आली. ती हेतू विचारत नाही, उत्पन्न विचारते. परदेशी जोडीदार आणायचा तर ब्रिटनमधील व्यक्तीची वार्षिक कमाई किमान १८,६०० पौंड हवी. एप्रिल २०२४ मध्ये ही मर्यादा २९,००० पौंड करण्यात आली. अट पती आणि पत्नी दोघांना सारखीच. विद्यार्थी किंवा नोकरीच्या दीर्घ परवान्यावर असलेल्याला विवाहानंतर देशात राहूनच जोडीदाराच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पाहुणा म्हणून आलेल्याला तो करता येत नाही. ऑक्टोबर १९७९ मध्ये आलेला तो दमणचा तरुण आज पाहुणा म्हणून आला असता, तर विवाह झाल्यावर त्याला पोर्तुगालला परतून तिथून अर्ज करावा लागला असता.