जन्मगाव आणि कर्मगाव

महाराष्ट्रात कुठेही लग्नाकार्याला गेलो की एक प्रश्न हमखास येतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ मी ‘धारचा’ म्हणतो. त्यावर लगेच, ‘ते झालं हो, पण मूळचे?’ मग पाच पिढ्यांत कुणीही न पाहिलेल्या कोकणातल्या एका खेड्याचे नाव सांगून मी सुटका करून घेतो.

या प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षितपणे मुद्देनहळ्ळीला सापडले. कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरजवळचे हे लहानसे गाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे जन्मस्थान. त्यांच्या घराचे संग्रहालय झाले आहे आणि समाधीही गावातच आहे. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळतात. समाधीपाशी उभा असताना मनात आले, हा थोर पुरुष मूळचा कुठला म्हणायचा?

घराणे तेलुगू भाषक. मोक्षगुंडम हे गाव आंध्रातले. जन्म कन्नड मुलखात. अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र आपल्या पुण्यात, सायन्स कॉलेजात. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते रुजू झाले आणि नाशिकला गेले. पुढे खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडत, उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. याच धर्तीचे दरवाजे शिंद्यांच्या ग्वाल्हेरला तिघ्रा धरणावर बसले. म्हणजे त्यांची विद्या आमच्या मध्य भारतापर्यंत पोहोचली होती. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ साली भारतरत्न झाले.

आमच्याकडेही जन्मस्थळे आहेत. दुसरा बाजीराव १७७५ साली धारच्या किल्ल्यात जन्मला. राघोबादादांच्या पडत्या काळात आनंदीबाई तेव्हा पवारांच्या आश्रयाला होत्या. पाहुण्यांना किल्ला दाखवताना आजोबा ही हकीकत जरा चाचरतच सांगत. ज्याच्या हातून पेशवाई गेली, त्याच्या जन्माचा अभिमान तरी किती धरावा?

याउलट, ज्यांच्यामुळे आमच्या गावांची मान उंच झाली ते जन्माने इथले नव्हतेच. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे रघुनाथराव फडके वसईचे. पण धारला येऊन राहिले आणि त्यांचा स्टुडिओ धारची ओळख झाला. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, कानडी घरातला. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते देवासला आले, ते १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत देवासचेच राहिले. माळव्याची लोकगीते त्यांनी आमच्याच बायाबापड्यांच्या तोंडून ऐकली आणि साऱ्या देशाला ऐकवली.

जन्मगावाने स्मारक जरूर उभारावे. मुद्देनहळ्ळीने ते मनोभावे उभारले आहे. पण जन्म कुठे व्हावा हे कुणाच्याच हाती नसते. घाम कुठे गाळायचा, हे पुष्कळदा असते. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्या घरांनी एवढे ध्यानात ठेवले तरी मनातला परकेपणा बराच हलका होईल.

परवा देवासला नातीने शाळेच्या वहीत लिहायला म्हणून विचारले, ‘आजोबा, आपलं गाव कोणतं लिहू?’ या वेळी कोकणातल्या त्या खेड्याचे नाव तोंडात आले नाही. म्हटले, ‘धार लिही बाळ. आणि तुझं देवास.’