निशि-कासाईचे योगी आणि ६,४७७ मतं



तोक्योत राहणाऱ्या मराठी माणसाला निशि-कासाई माहीत नाही असं सहसा होत नाही. तूरडाळ, कढीपत्ता संपला की पाय तिकडे वळतातच. पण याच वस्तीतून आपला अंबरनाथचा एक माणूस निवडून आला, त्यामागचा इतिहास मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

२००० साल जवळ आलं तसे वायटूकेच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर इथे येऊ लागले. तोझाई लाईनने ओतेमाची, कायाबाचोच्या ऑफिसांना थेट जाता यायचं. खाजगी घरमालक परदेशी माणसाला घर द्यायला का-कू करायचे, पण यूआरच्या सरकारी पद्धतीच्या इमारतींत ना जामीनदार लागायचा, ना 'रेइकिन'. १९७० च्या दशकापासून इथे असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी यांनी या नवख्या पोरांना घर, जेवण असल्या अडचणींत खूप मदत केली. अशी वस्ती जमली.

योगेंद्र पुराणिक आधी विद्यार्थी म्हणून जपानला येऊन गेले होते. २००१ मध्ये ते नोकरीसाठी आले आणि पुढे आयटी व बँकिंगमध्ये रमले. इथवरची गोष्ट आपल्यापैकी कुणाचीही असू शकते. वेगळेपण पुढे आहे. ते राहत्या इमारतींच्या 'जिचिकाई'त, म्हणजे रहिवासी मंडळात, काम करू लागले. जिचिकाईचं काम म्हणजे साफसफाई, कचऱ्याचे नियम, भूकंपाची कवायत, उन्हाळी मात्सुरीची तयारी. आपल्याकडच्या सोसायटी कमिटीसारखंच, मान कमी आणि कटकट जास्त. शिवाय सगळं जपानीतून! आपण बहुतेकजण 'ऑफिस आहे' म्हणून सटकतो.

२०१२ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं. २१ एप्रिल २०१९ ला एदोगावा वॉर्डच्या ४४ जणांच्या सभागृहासाठी मतदान झालं. इथे मतदार उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. 'पुराणिक योगेंद्र' कोण लिहीत बसणार? म्हणून हिरागानात दोनच अक्षरं: 'योगी'. ६,४७७ मतं पडली आणि ते निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी मानले जातात.

भारतातल्या पेपरांनी 'मराठी झेंडा' वगैरे मथळे दिले. पण मंडळी, जरा हिशेब करा. जपानमध्ये परदेशी नागरिकाला मत नाही, स्थानिक निवडणुकीतही नाही. १९९५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कायम वास्तव्य असलेल्यांना स्थानिक मताधिकार द्यायला राज्यघटना आडवी येत नाही. पण तसा कायदा अजून झालेला नाही. म्हणजे वस्तीतल्या भारतीयांपैकी जवळजवळ कुणीच त्यांना मत देऊ शकत नव्हतं. ती मतं जपानी शेजाऱ्यांची होती. झेंडा असलाच तर तो जिचिकाईचा म्हणायला हवा.

ही वाट त्यांच्याआधीही काहीजण चालले होते. फिनलंडहून आलेले त्सुरुनेन मारुतेइ १९९२ मध्ये युगावारा गावाच्या सभागृहात निवडून आले आणि २००२ मध्ये थेट संसदेच्या वरिष्ठ सभागृहात पोचले. सुरुवात मात्र गावातूनच.

किंमतही लहान नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. जपानी पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत. ओसीआय कार्डावर मायदेशी येता-जाता येतं, मतदान करता येत नाही. आई-वडील तिकडे असताना ही सही करणं किती जड जातं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पुढे २०२१ मध्ये पुराणिक तोक्यो महानगर विधानसभेसाठी उभे राहिले. दुसऱ्या पदासाठी अर्ज भरला की हातातली जागा जाते, हा इथला नियम. ती जागा गेली आणि निवडणूकही हरले. मग ते इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा फर्स्ट हायस्कूलमध्ये २०२२ ला उपमुख्याध्यापक आणि २०२३ ला मुख्याध्यापक झाले. राजकारण सुटलं तरी सार्वजनिक काम सुटलं नाही.

आपण 'दोन वर्षांत परत जाऊ' म्हणत दहा-दहा वर्षं काढतो. पासपोर्टचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, त्यात कुणी शहाणपण शिकवू नये. पण जिचिकाईच्या सफाईला जायला कुठलाच पासपोर्ट लागत नाही. पुढच्या रविवारी नोटीस लागली तर निदान हातमोजे घालून खाली तरी उतरू या!