यूएसबी वायफाय अ‍ॅडॅप्टर कॉम्प्युटरला कसा जोडायचा? निवड, ड्रायव्हर आणि सेटिंगची संपूर्ण माहिती

आजकाल बहुतेक कामं मोबाइलवर होतात, पण काही कामांना कॉम्प्युटरच बरा पडतो. प्रवेशाचा लांबलचक ऑनलाइन फॉर्म, कोडिंगचा सराव, कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट... घरात जुना डेस्कटॉप असतो, राउटरही असतो, पण डेस्कटॉपला वायफायच नसतं. अशा वेळी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे यूएसबी वायफाय अ‍ॅडॅप्टर, म्हणजेच आपण ज्याला ‘वायफाय डोंगल’ म्हणतो तो.

मागच्या वर्षी माझ्या चुलत बहिणीला बारावीनंतरच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. काकांनी साडेतीनशे रुपयांचा अ‍ॅडॅप्टर आणला. बॉक्समध्ये छोटी सीडी होती आणि आमच्या कॉम्प्युटरची सीडी ड्राइव्ह कधीच बंद पडलेली. मग तिने फोनवर सर्च करून कुठल्यातरी साइटवरून ‘ड्रायव्हर’ डाउनलोड केला आणि कॉम्प्युटरवर टाकला. वायफाय सुरू झालंच नाही, उलट दर पाच मिनिटांनी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चुका सापडल्या आहेत, पैसे भरा’ अशी विंडो यायला लागली. त्याच कॉम्प्युटरवर ती आधार आणि बँक खात्याची माहिती भरणार होती! रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही ते सॉफ्टवेअर काढलं, पूर्ण स्कॅन केला. स्कॅनला दोन तास गेले, खऱ्या ड्रायव्हरला दहा मिनिटं.

तेव्हा दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, ड्रायव्हर अ‍ॅडॅप्टरच्या आतल्या चिपसाठी असतो, बॉक्सवरच्या नावासाठी नाही. दोन, ड्रायव्हर मिळवायला लागणारं इंटरनेट तुमच्या खिशातच आहे. बाकी सगळं याच दोन गोष्टींवर उभं आहे.

ड्रायव्हर म्हणजे नक्की काय?

अ‍ॅडॅप्टरमध्ये एक रेडिओ चिप आणि अँटेना असतो. ही चिप राउटरशी बोलते. पण विंडोजला त्या चिपशी बोलायचं कसं हे सांगणारा एक दुभाषी लागतो, तोच ड्रायव्हर. चिप बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, जसं रिअलटेक आणि मीडियाटेक. दुकानात दिसणारे बरेच ब्रँड त्यांचीच चिप घेऊन वर आपलं नाव छापतात.

गंमत म्हणजे एकाच मॉडेलच्या आतसुद्धा चिप बदलते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसऱ्या व्हर्जनपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. बाहेरून नाव तेच, ड्रायव्हर मात्र पूर्ण वेगळा. म्हणून अ‍ॅडॅप्टरच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेला व्हर्जन नंबर आधी फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा आणि फोटो काढून ठेवा.

विकत घेण्याआधी काय बघायचं?

* बँड: ‘१५० एमबीपीएस’ लिहिलेले छोटे, स्वस्त अ‍ॅडॅप्टर साधारणपणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तुमच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसणारच नाही. ते हवं असेल तर ‘ड्युअल बँड’ घ्या.
* स्पीडचा आकडा: ‘एसी६००’ म्हणजे ६०० एमबीपीएस मिळतील असं नाही. २.४ गिगाहर्ट्झचे १५० आणि ५ गिगाहर्ट्झचे ४३३ यांची बेरीज करून तो आकडा गोल केलेला असतो. अ‍ॅडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर जोडला जातो आणि प्रत्यक्षात स्पीड त्याहूनही बराच कमी मिळतो. घरचा प्लॅन ४० किंवा ५० एमबीपीएसचा असेल तर महागड्या अ‍ॅडॅप्टरने त्यात काही वाढ होत नाही.
* यूएसबी पोर्ट: यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० एमबीपीएस आहे. ‘एसी१२००’ किंवा त्यावरचा अ‍ॅडॅप्टर घेणार असाल तर यूएसबी ३.० पोर्ट आहे का ते बघा. तो बऱ्याचदा आतून निळा असतो.
* विंडोजचं व्हर्जन: विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. नवीन अ‍ॅडॅप्टरला विंडोज ७ चा ड्रायव्हर असेलच असं नाही. बॉक्सवरची यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी १: अ‍ॅडॅप्टर लावा आणि थांबा

कॉम्प्युटर सुरू करून अ‍ॅडॅप्टर यूएसबी पोर्टमध्ये लावा. दोन मिनिटं काही करू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये अनेक चिपचे ड्रायव्हर आधीपासून असतात. खाली उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह आलं, नेटवर्कची यादी दिसली, तर थेट पायरी ५ वर जा.

काही अ‍ॅडॅप्टर लावल्यावर कॉम्प्युटरमध्ये नवीन सीडी ड्राइव्ह आल्यासारखी दिसते. घाबरू नका. ‘ड्रायव्हर फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅडॅप्टरमध्ये ड्रायव्हर आतच साठवलेला असतो. ती ड्राइव्ह उघडा, आतली सेटअप फाइल चालवा. इन्स्टॉल झालं की ती ड्राइव्ह गायब होते आणि अ‍ॅडॅप्टर वायफाय म्हणून काम करायला लागतो.

पायरी २: चिप ओळखा

वायफायचं चिन्ह आलं नाही तर ‘स्टार्ट’ बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह एखादं नाव दिसेल, बहुतेक वेळा त्यात ‘८०२.११’ असा आकडा असतो. ते वायफायच्या तांत्रिक मानकाचं नाव आहे.

त्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’ टॅब, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन कोड दिसतील, प्रत्येकी चार अक्षरांचे. व्हीआयडी म्हणजे कंपनी, पीआयडी म्हणजे नेमकं प्रॉडक्ट. व्हीआयडी ‘०बीडीए’ असेल तर कंपनी रिअलटेक. त्याच्यासोबत पीआयडी ‘८१७९’ असेल तर चिप आरटीएल८१८८ईयूएस. या स्क्रीनचाही फोटो काढून ठेवा.

पायरी ३: फोनवरून इंटरनेट द्या

इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं, इथे बरेच जण अडकतात. उपाय सोपा आहे, यूएसबी टेदरिंग.

१. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, डेटा नेत नाहीत. ‘टेदरिंग’चं बटण दाबताच येत नसेल तर आधी केबल बदलून बघा.
२. फोनच्या सेटिंगमध्ये ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’ उघडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. सेटिंग सापडत नसेल तर वरच्या सर्च बॉक्समध्ये ‘टेदरिंग’ शोधा.
३. कॉम्प्युटरला हे लॅन केबलसारखं दिसतं. थोड्या वेळात इंटरनेट सुरू होईल.

एक फायद्याची गोष्ट सांगतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये फोन घरच्या वायफायला जोडलेला असताना टेदरिंग सुरू केलं तर तेच वायफाय कॉम्प्युटरला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. म्हणजे अ‍ॅडॅप्टर येईपर्यंत तुमचा फोनच अ‍ॅडॅप्टरचं काम करू शकतो! मोबाइल डेटावर असाल तर मात्र ड्रायव्हर इन्स्टॉल झाला की टेदरिंग लगेच बंद करा, नाहीतर विंडोजचे अपडेट दिवसभराचा डेटा संपवून टाकतील.

पायरी ४: ड्रायव्हर इन्स्टॉल करा

याच क्रमाने जा:

१. विंडोज अपडेट: ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून अपडेट तपासा. ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हरचा वेगळा भाग असतो, तोही बघा. अनेकदा काम इथेच होतं.
२. अ‍ॅडॅप्टर बनवणाऱ्या कंपनीची वेबसाइट: ‘सपोर्ट’ विभागात मॉडेल टाका आणि मघाशी फोटोत पकडलेला व्हर्जन नंबर निवडा.
३. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग: ही मायक्रोसॉफ्टचीच साइट आहे. इथे व्हीआयडी आणि पीआयडी टाकून ड्रायव्हर शोधता येतो. बिननावाच्या अ‍ॅडॅप्टरसाठी हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. फाइल एका फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’मधून तो फोल्डर दाखवा.

सर्चमध्ये वर येणाऱ्या ‘फ्री ड्रायव्हर अपडेटर’ प्रकारच्या साइटवर जाऊ नका. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या भागात काम करतो, त्यामुळे तिथे चुकीचं सॉफ्टवेअर शिरलं तर पासवर्डपासून सगळंच धोक्यात येतं. एखादी साइट ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगत असेल तर तो टॅब तिथेच बंद करा.

लिनक्स वापरत असाल तर घेण्याआधी चिपचं नाव नक्की तपासा. एआर९२७१, मीडियाटेकची एमटी७६१२यू, एमटी७९२१एयू अशा चिपचे ड्रायव्हर आजच्या लिनक्स कर्नलमध्येच असतात, त्यामुळे वेगळी खटपट सहसा लागत नाही.

पायरी ५: नेटवर्क जोडा आणि सेटिंग नीट करा

वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, तुमचं नेटवर्क निवडा, पासवर्ड टाका. विंडोजने विचारलं तर नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवा. घरातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल शेअर करायच्या असतील तरच ‘प्रायव्हेट’ करा.

आता एक महत्त्वाची सेटिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’खाली आपला अ‍ॅडॅप्टर शोधा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब उघडा आणि वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. ‘वायफाय मधेच तुटतं’ या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे. फॉर्म सबमिट करताना हे घडलं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

अ‍ॅडॅप्टर लावायचा कुठे?

डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये लावलेला अ‍ॅडॅप्टर पत्र्याच्या कॅबिनेटमागे, टेबलाखाली आणि भिंतीजवळ अडकतो. तिथे सिग्नल कमी मिळणारच. शिवाय यूएसबी ३.० पोर्ट आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपणच काढलं होतं. साधी एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन अ‍ॅडॅप्टर टेबलावर आणा. नवीन अ‍ॅडॅप्टर घेण्याआधी हा उपाय करून बघाच.

नेहमीच्या अडचणी

‘कोड २८’ दिसतोय: ड्रायव्हर इन्स्टॉलच झालेला नाही. पायरी ४ पुन्हा करा.

‘कोड १०’ दिसतोय: अ‍ॅडॅप्टर सुरू होऊ शकत नाहीये. पोर्ट बदला, यूएसबी हब काढून थेट लावा. तरी तेच झालं तर ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका.

फोनवर दिसणारं नेटवर्क कॉम्प्युटरवर दिसत नाही: ते बहुतेक ५ गिगाहर्ट्झचं आहे आणि अ‍ॅडॅप्टर फक्त २.४ चा. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ सुरू करा.

पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडत नाही: राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असू शकतो. हे सुरक्षा मानक २०१८ मध्ये आलं, जुन्या अ‍ॅडॅप्टरला ते कळत नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय निवडा. पासवर्डच काढून टाकू नका!

जोडलं, पण इंटरनेट नाही: नेटवर्कच्या माहितीत आयपी अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. आयपीची सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ आहे का बघा आणि राउटर एकदा बंद-चालू करा.

प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते: आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते आणि सुरक्षा प्रमाणपत्रं चुकीची ठरतात. बहुतेक मदरबोर्डवर सीआर२०३२ हा सेल असतो.

हॉस्टेलच्या नेटवर्कवर चालत नाही: काही ठिकाणी मॅक अ‍ॅड्रेसची नोंद करावी लागते. नवीन अ‍ॅडॅप्टरचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा असतो, तो पुन्हा नोंदवा.

शेवटी एक काम

सगळं सुरळीत झालं की ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवा, सोबत अ‍ॅडॅप्टरच्या मागच्या बाजूचा फोटोही. उद्या विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर इंटरनेट नसतानाही पाच मिनिटांत वायफाय सुरू होईल. आमच्या बहिणीने फॉर्म वेळेत भरला. पेन ड्राइव्हमधला तो फोल्डर तिने अजून जपून ठेवलाय.