लिनक्सवर लॅपटॉपचं एनव्हिडिया कार्ड का चालत नव्हतं?

2010 मध्ये एनव्हिडियाने ‘ऑप्टिमस’ आणलं. एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप: साध्या कामाला इंटेलची, गेमला एनव्हिडियाची. पण बहुतेक मॉडेलमध्ये स्क्रीन जोडलेली असते इंटेललाच. एनव्हिडियाने काढलेलं चित्र तिच्यामार्फतच दिसतं. ही देवाणघेवाण विंडोजवर आपोआप व्हायची. लिनक्ससाठी कंपनीने सोयच दिली नाही. शेवटी 2011 मध्ये स्वयंसेवकांनी ‘बंबलबी’ लिहिलं. 2012 मध्ये फिनलंडमध्ये याच तक्रारीवर लिनस टोरवाल्ड्सने एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं (तो व्हिडिओ पाहिला असेलच). 2013 मध्ये कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये जुजबी सोय आली. आज लॅमिंग्टन रोडवरून 2010-11 चा असा लॅपटॉप घेतला, तर कंपनीचा ड्रायव्हर कालबाह्य झालेला असतो. उरतो ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर: चित्र दिसतं, पण चिपचा पूर्ण वेग मिळत नाही.