कासवाचं वजन आणि हिवाळा

आजचा विषय जरा विचित्र आहे: खाण्यासाठी पाळलेलं कासव भरतं किती आणि किती वर्षांत?

टोकियोच्या फुकागावा भागात हात्तोरी कुटुंबाने 1866च्या सुमारास गोड्या पाण्यातली मऊ पाठीची कासवं (जपानीत ‘सुप्पोन’) जमवायला सुरुवात केली. धंदा बसायला वेळ लागला, कारण मोठी कासवं पिल्लांनाच फस्त करायची! मग पिल्लांची तळी वेगळी केली. प्राणिशास्त्रज्ञ काकिची मित्सुकुरी यांनी 1904च्या सुमारास हे सगळं नीट लिहून ठेवलंय. मला त्यातलं वजनाचं कोष्टकच जास्त आवडलं (धंद्याची सवय, दुसरं काय). सरासरी वजन पहिल्या वर्षी 23 ग्रॅम, तिसऱ्या वर्षी 300, पाचव्या वर्षी 750. म्हणजे पाच वर्षं शिंपले नि रेशीमकिडे खाऊ घालायचे आणि हाती काय, तर पाऊण किलो. ब्रॉयलर कोंबडी दीड महिन्यात याच्या पुढे जाते.

दोष खाण्याचा नाही, थंडीचा. पाणी गार झालं की हा गडी चिखलात शिरतो तो एप्रिललाच वर येतो. अर्धं वर्ष वाढ बंद!

हा बॉटलनेक चीनने 1990च्या दशकात फोडला. 1993 साली स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत मा जुनरेनच्या धावपटू मुलींनी सुवर्णपदकं लुटली, त्यांच्या आहारात कासवाचं रक्त असतं अशी बातमी पसरली आणि मागणी भडकली. बंद शेडमध्ये पाणी 30 अंशांवर ठेवलं की हिवाळा उरतच नाही. कासव साधारण सव्वा वर्षात बाजारात. आता चीनचं वार्षिक उत्पादन 3 लाख टनांच्या वर आहे.

पण नुसतं वजन म्हणजे सगळं नाही. या कासवात खवय्यांचा जीव असतो तो कवचाभोवतीच्या चिकट, जाड झालरीत. ती नरांची रुंद असते, शिवाय नर मादीपेक्षा मोठे होतात. म्हणून सगळे नरच जन्मावेत यासाठी तिथे संशोधन झालं.

आणि गंमत बघा, शेडमधलं मांस स्वस्त पडल्यावर गिऱ्हाईक उघड्या तळ्यात तीन-चार हिवाळे काढलेलं कासव मागू लागलं, जास्त पैसे मोजून! मांस घट्ट लागतं म्हणे. रानटी कासवाला तर त्याहून जास्त भाव. त्यामुळे लाखो टन पिकणारी हीच जात निसर्गात मात्र ‘असुरक्षित’ यादीत आहे.